वशिला आणि रांग

दिल्लीत राहणाऱ्या मराठी सरकारी नोकराच्या घरी दोन प्रकारचे पाहुणे येतात. काही ताजमहाल पाहण्यासाठी येतात, तर काही एम्सची चौकशी करीत. पहिल्यांची सरबराई दोन दिवसांत आटोपते. दुसऱ्यांच्या आगमनाची सूचना बहुधा रात्री जेवणे झाल्यावर दूरध्वनीवरून मिळते. पलीकडून प्रथम मुलाबाळांची विचारपूस होते, यंदाच्या पावसाचे वर्तमान कळते, आणि मग आवाज किंचित खाली येऊन प्रश्न येतो : "एम्समध्ये तुमची कोणाशी ओळख आहे का?"

रोग कोणता, तो किती वाढला आहे, गावच्या डॉक्टरांनी काय सांगितले, ह्या गोष्टी नंतर. प्रथम ओळख. विचारणारा मनुष्य अडाणी असतो म्हणून असे विचारतो, असे कोणी समजू नये. ह्या देशात औषधाआधी ओळख शोधावी लागते हे तो अनुभवाने शिकलेला असतो. आणि आपण? खोटे कशाला बोलावे, आपल्याला त्या प्रश्नाने बरे वाटते. मंत्रालयातल्या वीस जणांच्या खोलीत ज्याला कोणी विचारीत नाही, त्याला गावी 'दिल्लीचे साहेब' म्हणून कोणी तरी साकडे घालीत असते. मग आपण फोन फिरवतो. एखादा सहकारी, त्याचा एखादा बॅचमेट, त्या बॅचमेटच्या ओळखीचा एखादा डॉक्टर. काम झाले की आपण मदत केल्याच्या समाधानात झोपी जातो.

मला जे म्हणायचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. आपण जिला मदत म्हणतो ती मदत नसून वशिला आहे. तो वशिला दुसऱ्या एखाद्या अपरिचित रुग्णाच्या पाळीतून कापून काढलेला असतो. आणि आपल्यासारख्या हजारो अधिकाऱ्यांसाठी मागचे दार उघडे आहे, म्हणूनच पुढचे दार दुरुस्त होत नाही. हे विधान कडू आहे. परंतु ह्या मासिकाचे बहुसंख्य वाचक शासकीय सेवेत आहेत, आणि ज्यांच्या टेबलावर फायली येतात त्यांना हे सांगितले नाही तर सांगायचे कोणाला?

तथापि, आरोप करण्यापूर्वी जो रुग्ण आपल्या दारी येतो त्याला न्याय दिला पाहिजे. तो हौसेने दिल्लीला येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचा शेतकरी घ्या. त्याच्या मुलाच्या हृदयाची झडप बिघडली आहे. तालुक्याच्या रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. मग नांदेड, मग नागपूर, मग कोणी सुचविले म्हणून मुंबई, आणि तिथे तारीख लांबली की सचखंड एक्स्प्रेसचे तिकीट. प्रत्येक ठिकाणी एक नवी चिठ्ठी मिळते आणि प्रत्येक चिठ्ठीवर 'उच्च केंद्राकडे' एवढाच मजकूर असतो. उच्च केंद्रात कोणाला भेटायचे, कोणत्या दिवशी, ते तो रुग्ण घेतील की नाही, ह्यांपैकी काहीही त्या चिठ्ठीवर नसते. आपल्या शासकीय भाषेत ह्या प्रकाराला 'संदर्भसेवा' म्हणतात. व्यवहारात तिचा अर्थ 'आमच्या दारातून जा' एवढाच होतो.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीकडे पाहावे. २०२१-२२ च्या त्या अहवालानुसार देशातील ग्रामीण सामूहिक आरोग्य केंद्रांत जितके शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, भिषग्वर्य आणि बालरोगतज्ज्ञ असावयास हवेत, त्यांच्यापेक्षा सुमारे ८० टक्के कमी होते. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या! २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले आणि पुढच्या चोवीस तासांत हा आकडा ३१ वर गेला. त्यांत नवजात अर्भकेही होती. बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत पाठविलेले रुग्ण आमच्याकडे येतात, असे रुग्णालयाच्या वतीने त्या वेळी सांगण्यात आले. ते खरे धरले तरी आरोप टळत नाही, उलट व्यापक होतो. आसपासच्या तालुक्यांनी वेळेवर जे करायचे ते केले नाही, म्हणून सगळे अत्यवस्थ रुग्ण एकाच दारात येऊन पडले. त्या दारातून जो जिवंत बाहेर पडतो, तो पुढचा विश्वास कोणावर ठेवणार? तो दिल्लीची गाडी पकडतो.

आता ज्या संस्थेकडे तो येतो तिच्याविषयी. सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात गावापासून जिल्ह्यापर्यंत चढत जाणाऱ्या आरोग्यसेवेची आखणी होती. खालच्या पायरीवर जे होणार नाही तेवढेच वरच्या पायरीकडे जावे, असा तिचा हिशेब होता. त्याच अहवालात एका अखिल भारतीय वैद्यकीय संस्थेची कल्पना मांडलेली होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ह्यांनी ती मनावर घेतली. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने देणगी दिली, १९५२ मध्ये पायाभरणी झाली आणि १९५६ च्या कायद्याने संस्था अस्तित्वात आली. तो कायदा काढून वाचावा. संस्थेची उद्दिष्टे सांगताना त्यात वैद्यकीय शिक्षणाचा आदर्श घालून देणे, सर्वोच्च दर्जाच्या शिक्षणसोयी एका जागी आणणे आणि पदव्युत्तर शिक्षणात देशाला स्वयंपूर्ण करणे ह्या गोष्टी आहेत. साऱ्या देशाच्या खोकल्यापासून कर्करोगापर्यंतची रांग एका फाटकावर लागावी, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. ह्या संस्थेने शिक्षक घडवावेत, त्या शिक्षकांनी आपापल्या प्रांतांत जाऊन तज्ज्ञ घडवावेत, आणि उमरखेडच्या मनुष्याला यवतमाळ किंवा नांदेडपलीकडे जावे लागू नये, असा तो बेत होता.

भोर समितीची इमारत आपण कळसापासून बांधायला घेतली. कळस सुंदर झाला, पायऱ्या राहूनच गेल्या. आज त्या एका संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागांत दररोज दहा हजारांहून अधिक माणसे येतात. मेट्रोच्या स्थानकातून वर आले की एका बाजूला एम्स आणि समोर सफदरजंग, आणि दोहोंच्या मधल्या पदपथांवर व भुयारी मार्गांत पथाऱ्या टाकून पडलेली कुटुंबे दिसतात. कोणाच्या उशाशी क्ष-किरण चित्रांचे पाकीट असते, तर कोणी चुलीवरच्या खिचडीसाठी लाकडे शोधीत असते. विश्रामसदने झाली, रात्रनिवारे झाले, तरी ह्या पथाऱ्या उठलेल्या नाहीत, कारण निवाऱ्याची गती रांगेच्या गतीपेक्षा कमी आहे. आणि ज्या अध्यापक-डॉक्टरांना भेटण्यासाठी ही माणसे महिनोन् महिने थांबतात, त्यांची मंजूर पदे तरी भरलेली आहेत काय? २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार दिल्लीच्या एम्समध्ये अध्यापकांची सुमारे एक तृतीयांश पदे रिकामी होती.

दिल्लीचे रहिवासी तरी सुखी असतील अशी कोणाची समजूत असेल, तर तीही दूर केलेली बरी. २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी पोलिसांच्या चालत्या गाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मनुष्याला एकामागून एक चार शासकीय रुग्णालयांत नेण्यात आले. कोठे तपासणीच्या यंत्राची सोय नव्हती, कोठे अतिदक्षता विभागात खाट नव्हती. तो मनुष्य मरण पावला. ही घटना देशाच्या राजधानीत घडली. दिल्ली उच्च न्यायालयाने ह्या स्थितीची दखल घेऊन डॉ. एस. के. सरीन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीने रिकाम्या पदांचा व अपुऱ्या साधनांचा पाढा वाचून दाखविला. वस्तुतः ह्या विषयावर कायदा काय आहे हे १९९६ पासून ठरलेले आहे. रेल्वेगाडीतून पडून जखमी झालेल्या एका मजुराला कलकत्त्याच्या शासकीय रुग्णालयांनी परत पाठविले, तेव्हा खाट नाही ही सबब ऐकून न घेता, वेळेवर उपचार मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. अठ्ठावीस वर्षांनंतर दिल्लीत तीच सबब, तीच धाव आणि तोच शेवट.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्ली विधानसभेत भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा आरोग्यविषयक अहवाल मांडला गेला. आपल्यांपैकी कित्येक जण लेखापरीक्षण विभागातच आहेत. त्यांना त्या अहवालाच्या कोरड्या भाषेमागचे दुःख वेगळे सांगायला नको. २०१६-१७ पासून पाच वर्षांत ३२,००० नव्या खाटा द्यावयाच्या होत्या, त्यांपैकी १,३५७ झाल्या. २७ रुग्णालयांपैकी १४ मध्ये अतिदक्षता विभाग नव्हता. लोकनायक रुग्णालयात सर्वसाधारण शस्त्रक्रियेसाठी दोनतीन महिने, आणि भाजलेल्यांच्या व प्लास्टिक सर्जरीच्या विभागात सहा ते आठ महिने थांबावे लागत होते. ह्या ओळीपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. भाजलेल्या मनुष्याने आठ महिने थांबायचे! आणि त्याच शहरात ताहिरपूरच्या राजीव गांधी अतिविशेषोपचार रुग्णालयात १२ पैकी सहा अद्ययावत शस्त्रक्रियागृहे आणि जनकपुरीच्या तशाच रुग्णालयात सातच्या सात शस्त्रक्रियागृहे मनुष्यबळाअभावी पडून होती. इमारतीवर 'अतिविशेष' अशी पाटी आहे, आत विशेषज्ञ नाही. देऊळ बांधले, कळस चढविला, देव बसवायचा राहिला.

हे सर्व आकडे आपल्याला ठाऊक असतात, निदान असू शकतात. मग आपण अस्वस्थ का होत नाही? ह्याचे उत्तर मी स्वतःच्याच वर्तनातून देतो.

काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ उमरखेडजवळच्या खेड्यातून दिल्लीला आला. आम्ही त्याला नाना म्हणतो. हृदयाच्या झडपेचा विकार, जिना चढताना धाप, रात्री आडवे होता येत नाही. येथील एका मोठ्या शासकीय रुग्णालयात त्याला तपासून हृदयाच्या इकोची तारीख देण्यात आली ती आठ महिन्यांनंतरची. मी फोन केला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नानाची तपासणी झाली, मागच्या जिन्याने जाऊन, रांगेला बगल देऊन. मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी बुंदेलखंडाकडची एक बाई आपल्या बाराएक वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. तिला ती तारीख मिळण्यासाठी सात महिने थांबावे लागले होते. दुपारी एकच्या सुमारास कारकुनाने बाहेर येऊन सांगितले की आजच्या तपासण्या संपल्या, उरलेल्यांनी पुढची तारीख घ्यावी. माझ्या हातात फाईल होती आणि अंगावर इस्त्रीचे कपडे होते, म्हणून त्या बाईने नवी चिठ्ठी वाचून दाखविण्यासाठी माझ्यापुढे धरली. "बाबूजी, क्या लिखा है?" तीन महिन्यांनंतरची तारीख होती. मी ती वाचून दाखविली. तिने मुलीच्या डोक्यावरची ओढणी नीट केली आणि दोघी जिना उतरून गेल्या.

नानाने त्या मुलीची जागा घेतली असे कोणत्याही चौकशी समितीपुढे सिद्ध करता येणार नाही. यंत्र मध्येच बंद पडले असेल, एखादा अत्यवस्थ रुग्ण आला असेल, आणखी तीन साहेबांचे तीन फोन आले असतील. परंतु त्या यंत्रावर एका सकाळी किती तपासण्या होतात ते ठरलेले होते, आणि त्या यादीत एक नाव माझ्यामुळे वाढले होते. नानाची पुढे शस्त्रक्रिया झाली, तो आज शेतावर जातो. दरवर्षी त्याच्या घरून आमच्याकडे हळदीची पिशवी येते. मी ती घेतो. ती मुलगी पुन्हा आली की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याचा मी प्रयत्नही केला नाही.

ह्यावर आपल्या बिरादरीत जी उत्तरे दिली जातात ती मला पाठ आहेत, कारण मीच ती स्वतःला देत आलो आहे. पहिले उत्तर असे की, रक्ताच्या माणसासाठी मनुष्य धावणार नाही तर कोणासाठी धावणार? ठीक आहे, धावावे. पण फोन करणारा स्वतःच्या खिशातून काही देत नाही. तो एका अनोळखी माणसाची पाळी उचलून आपल्या माणसाला देतो आणि वर औदार्याचे श्रेय घेतो. दुसऱ्याच्या शेतातले पाणी आपल्या पाटात वळविणाऱ्याला गावात कोणी दानशूर म्हणत नाही.

दुसरे उत्तर असे की, मी एकट्याने फोन केला नाही म्हणून काय होणार? बाकीचे करतातच. हे उत्तर लाच घेणाऱ्यापासून तिकीट न काढता प्रवास करणाऱ्यापर्यंत सर्वांचे असते. आणि ह्या बाबतीत ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात एम्सच्या प्रशासनाने खासदारांच्या उपचारांसाठी एक खास कार्यपद्धती काढली होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र संपर्क, स्वतंत्र अधिकारी, तज्ज्ञांशी तात्काळ गाठ. डॉक्टरांच्या संघटनांनी तिला उघड विरोध केला आणि काही दिवसांतच ते पत्र मागे घ्यावे लागले. म्हणजे, जे विशेषाधिकार लेखी असतात ते लाजेखातर तरी मागे घेता येतात. आपला वशिला कागदावर नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणाला अर्ज करता येत नाही. खासदारांना हसणाऱ्यांनी आपल्या फोनमधल्या नावांची यादी एकदा पाहावी.

तिसरे उत्तर अधिक सभ्य आहे. आम्हांला केंद्रीय आरोग्य योजनेचे कार्ड आहे, आमच्या वेतनातून वर्गणी कापली जाते, आम्ही कोणाचे काही हिरावीत नाही. ही योजना १९५४ मध्ये दिल्लीतच सुरू झाली, आणि सरकारी नोकराला आजारपणात आधार असावा हा तिचा हेतू रास्तच होता. त्या कार्डाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने आपल्या मनावर केलेल्या परिणामाविषयी. ज्या वर्गाच्या टिपणीवरून पदे मंजूर होतात, भरतीचे नियम ठरतात, निधी सुटतो किंवा अडतो, त्या वर्गाला सार्वजनिक रांगेत स्वतः उभे राहण्याची वेळच येत नाही. दवाखान्यातून पत्र घ्यावे आणि नामिकेवरील खासगी रुग्णालयात जावे. हृदयरोगतज्ज्ञाचे पद चार वर्षे रिकामे आहे ही बाब मग त्याच्या लेखी फाईलमधला एक परिच्छेद होऊन राहते. त्या पदाच्या नियुक्तीची फाईल आपण 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवतो आणि संध्याकाळी त्याच विकाराच्या गाववाल्यासाठी फोन फिरवतो. ह्या दोन कृतींमधला संबंध आपल्याला दिसत नाही, हेच खरे दुखणे आहे.

चौथे उत्तर पैशाचे. शासनाकडे पैसा कोठे आहे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन होते. ते वर्ष आले आणि गेले, वचन पुरे झाले नाही. परंतु जनकपुरीची ती सात शस्त्रक्रियागृहे पैसा नव्हता म्हणून बंद नव्हती. पैसा खर्च होऊन ती उभी राहिली होती, माणसे नेमायची राहिली होती. विम्याची कार्डेही आता दिल्लीपासून गडचिरोलीपर्यंत वाटली जात आहेत. त्यांनी बिल भागते हे मान्य. पण कार्ड शस्त्रक्रिया करीत नाही. ती करणारा हात शिकवून तयार करावा लागतो, त्याला जिल्ह्याच्या गावी राहता येईल असे घर, भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्तपेढी आणि वेळेवर पगार द्यावा लागतो. हे सर्व प्रशासनाचे, म्हणजे आपलेच काम आहे.

रांग फार लांबली की आणखी एक सोपा उपाय सुचतो आणि तो सर्वांत घातक आहे. 'बाहेरच्यांना' काढून टाका! २०१८ च्या ऑक्टोबरात दिल्ली सरकारने दिलशाद गार्डनच्या गुरू तेगबहादूर रुग्णालयात ८० टक्के सोयी दिल्लीकरांसाठी राखून ठेवल्या होत्या. ते रुग्णालय उत्तर प्रदेशच्या सीमेला लागून आहे. लोणीचा किंवा गाझियाबादचा मजूर, जो दिल्लीचीच घरे बांधतो, तो एका परिपत्रकाने परका झाला. उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केले. २०२० च्या जूनमध्ये, करोनाच्या साथीत, पुन्हा दिल्ली सरकारची रुग्णालये दिल्लीकरांपुरती ठेवण्याचा निर्णय झाला आणि नायब राज्यपालांनी तो फिरविला. नोएडा, फरिदाबाद, गुरुग्राम येथे राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी ह्या प्रकरणांत आपण कोणत्या बाजूचे ठरलो असतो ते आठवून पाहावे. भाषेच्या आणि प्रांताच्या नावाने दारे बंद झाली की ती कोणाकोणावर बंद होतात, हे मुलखाबाहेर राहणाऱ्याने तरी विसरू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयाबाहेर बिहारी माणूस पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी दिल्लीच्या पदपथावरचा उमरखेडचा मराठी माणूस पाहावा.

मग करावे काय? टीका करणाऱ्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शासनाने करावयाच्या गोष्टी कठीण आहेत, पण अज्ञात नाहीत. पहिली, प्रत्येक मोठ्या शासकीय रुग्णालयाने कोणत्या तपासणीला आणि शस्त्रक्रियेला किती दिवस लागतात ते दर महिन्याला जाहीर करावे. आज ही माहिती ज्याला ओळख आहे त्यालाच मिळते, आणि जी गोष्ट उघड मोजली जात नाही ती कधी सुधारत नाही. दुसरी, पाठविणाऱ्या रुग्णालयाने नुसती चिठ्ठी न देता पुढची तारीख ठरवूनच रुग्ण पाठवावा. ती मिळेपर्यंत तो आपलाच रुग्ण आहे असे समजावे. तिसरी, तज्ज्ञाचे पद रिकामे झाल्याबरोबर भरतीची फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती हे नोंदले जावे आणि ती नोंद विधिमंडळापुढे जावी. चौथी, ज्ञान रुग्णाकडे न्यावे. २०१२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग जाल उभे राहिले. देशभरची कर्करोग केंद्रे त्यात जोडली गेली, उपचारांची पद्धत एकसारखी व्हावी आणि अवघड रुग्णाचा विचार दूरच्या तज्ज्ञांनी एकत्र करावा, ही त्यामागची दृष्टी आहे. कर्करोगाच्या बाबतीत जे होऊ शकते ते हृदयाच्या आणि मेंदूच्या विकारांत का होऊ नये?

आणि आपण काय करावे? वशिला नको म्हणजे मदत नको, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या वर्षी एम्सचा कायदा झाला, त्याच १९५६ च्या डिसेंबरात गाडगेबाबा गेले. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे टाटा रुग्णालयात आलेली खेड्यांतली कुटुंबे उतरतात. बाबांनी कोणाला रांगेत पुढे घुसविले नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला छप्पर आणि भाकरी मिळेल अशी व्यवस्था केली. वशिला आणि सोबत ह्यांतला हा फरक आपण ओळखला पाहिजे. गाववाल्याचा फोन आला तर त्याला प्रथम सांगावे की नागपूरलाही आता एम्स आहे, २०२२ च्या डिसेंबरात तिच्या वास्तूचे रीतसर उद्घाटन झाले आहे, आधी तिथे चौकशी करा. येणे अटळच असेल तर आधी नोंदणी कशी करायची, कोणते कागद आणायचे, हे त्याला समजावून द्यावे. त्याला उतरायला जागा द्यावी. हिंदी न येणाऱ्या म्हातारीबरोबर एक दिवस रजा टाकून रांगेत उभे राहावे. दिल्लीतील आपली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव आणि नाट्यस्पर्धा मोठ्या हौसेने करतात. आठवड्यातून दोन सकाळी एम्सच्या फाटकाशी मराठी बोलणारा एक माणूस उभा करणे त्यांना जड जाऊ नये.

रजा टाकून रांगेत उभे राहण्याचा आग्रह मी एका स्वार्थी हेतूने धरतो. चार तास त्या रांगेत काढलेला उपसचिव दुसऱ्या दिवशी रिकाम्या पदांच्या फाईलवर 'चर्चा करावी' असा शेरा मारणार नाही, अशी मला आशा आहे. त्याच्या डोळ्यांपुढे त्या रांगेतला कोणी तरी एक मनुष्य उभा राहील. माझ्या डोळ्यांपुढे ती बुंदेलखंडाची मुलगी उभी राहते, पण ती फार उशिरा, निवृत्तीनंतर, जेव्हा माझ्या टेबलावर एकही फाईल उरलेली नाही. ज्यांच्या टेबलावर अजून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले.